लोकल सोडून स्कूटर : लेकीला आपण नेमकं कशापासून वाचवतोय?

या आठवड्याचं पत्र डोंबिवलीहून आलं आहे. बरंच मोठं आहे. महत्त्वाचा भाग तेवढा देते.

"मी ५४ वर्षांची गृहिणी. मुलगी २५ वर्षांची, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. पहलगामच्या हल्ल्यात आमच्या डोंबिवलीची तीन माणसं गेली. अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं होतं. मी गेले नाही, पण टीव्हीवर सगळं पाहिलं आणि तेव्हापासून छातीत धडधड सुरू झाली ती आजतागायत आहे. २००६ साली माझे यजमान दादरला गाडी बदलून अंधेरीला जायचे. त्या संध्याकाळी रात्री अकरापर्यंत त्यांचा फोन लागला नव्हता. ते सुखरूप आले, पण ती रात्र डोक्यातून गेली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत ते त्याच गाडीने जात राहिले आणि मी रोज देवापाशी बसत राहिले.

आता पुन्हा तेच. मी हट्टाने मुलीची लोकल बंद केली. कर्ज काढून तिला स्कूटर घेऊन दिली. काटई नाका, शिळफाटा, महापे असं ती जाते-येते. पावसात एकदा घसरली, गुडघा फुटला, पण निदान जिवाची भीती तरी नाही. ती मात्र रोज चिडते, दमते, 'आई, तुझं डोकं फिरलंय' म्हणते. धाकट्या दिरांकडून मेसेज येतात की अमुक तारखेपर्यंत स्टेशनवर जाऊ नका, मॉलमध्ये जाऊ नका. ते वाचून मी तिला दिवसातून चार-पाचदा फोन करते. तिची ऑफिसातली एक मैत्रीण मुस्लीम आहे, मुंब्र्याला राहते. दोघी आधी एकत्र गाडीने जायच्या. तिच्यापासून जरा लांब राहा, असं मी बोलून गेले, त्यावर मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझं चुकतंय का? आणि मे महिन्यात भाऊ काश्मीरला चला म्हणतोय, जावं का?"

ताई,

तुमचं डोकं फिरलेलं नाही. हे आधी सांगते, कारण घरातून तुम्हाला दुसरंच ऐकू येतंय. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार-सांताक्रूझ, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे फर्स्ट क्लासच्या जनरल डब्यांत, ऑफिसं सुटायच्या वेळी. १८० हून जास्त माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. फोनच्या लाइनी कोलमडल्या होत्या. ज्यांची माणसं त्या मार्गावर होती त्यांनी ते तास कसे काढले, ते त्यांनाच माहीत. आपलं माणूस घरी परत आलं म्हणून तो अनुभव पुसला जात नाही. एकोणीस-वीस वर्षांनी तुमच्याच गावात तीन घरांवर तसाच घाला पडला आणि जुनी जखम उघडली. यात वेडेपणा काही नाही.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "गुडघा फुटला, पण निदान जिवाची भीती तरी नाही." ताई, मुलीच्या रोजच्या आयुष्यात जिवाची भीती कुठे असेल, तर ती त्याच रस्त्यावर आहे. एवढं मोठं उत्तर मी त्या एका वाक्यासाठी लिहितेय.

आकडे मांडते. तुम्हाला खोटं पाडायला नव्हे, तुमची काळजी योग्य जागी लागावी म्हणून.

मुंबईने काय काय सोसलं, ते सगळं धरू. १२ मार्च १९९३ चे साखळी स्फोट : २५७ मृत्यू. २००२-०३ मधले घाटकोपर, पार्ले, मुलुंड, आणि ऑगस्ट २००३ मधले गेटवे व झवेरी बाजार. २००६ च्या गाड्या. नोव्हेंबर २००८ चा हल्ला, १६६ माणसं. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस, दादर. हे सगळं जोडलं तर बेरीज सुमारे सातशेच्या आसपास जाते. अठरा वर्षांत सातशे. त्यानंतर, म्हणजे जुलै २०११ नंतर, मुंबई शहरात तसा मोठा हल्ला झालेला नाही.

आता दुसरी वही उघडू. मुंबईच्या लोकलमार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसं गेली. दिवसाला सात. म्हणजे अठरा वर्षांतल्या सगळ्या हल्ल्यांत जेवढी माणसं आपण गमावली, तेवढी रुळांवर साधारण शंभर दिवसांत जातात. आणि रस्त्यांचं काय? महाराष्ट्रात २०२२ साली रस्ते अपघातांत १५,२२४ मृत्यू नोंदले गेले. रोज चाळीसहून जास्त. देशात त्या वर्षी १ लाख ६८ हजारांवर. त्यातले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले चालक आणि मागे बसलेले मिळून ५० हजारांच्या वर.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, मग लोकलसुद्धा रोज सात जणांना मारतेच की! बरोबर, आणि हा मुद्दा मी झाकून ठेवणार नाही. पण त्या सातांत कोण असतं, ते पाहावं लागतं. निम्म्याच्या आसपास मृत्यू रूळ ओलांडताना होतात. वर्षाला काहीशे माणसं भरलेल्या गाडीच्या दारातून पडून जातात. उरलेल्यांत आजारपण, आत्महत्या, खांब लागणं असं बरंच काही येतं. तुमची मुलगी पुलावरून जात असेल, बायकांच्या डब्यात आत उभी राहत असेल, तर या हिशेबात तिचा वाटा फार लहान होतो. धोक्याचा मोठा भाग तिला स्वतःला टाळता येतो. शिळफाट्याच्या रस्त्यावर तसं नसतं. तिथे ती कितीही नीट चालवो, शेजारून डंपर जातो, पुढची बस अचानक थांबते, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. स्कूटरवर अंगाभोवती पत्र्याचं कवचसुद्धा नसतं. ज्या ज्या देशांत हे मोजलं गेलंय, तिथे किलोमीटरमागे सगळ्यात जास्त जीव दुचाकीवर जातात आणि आगगाडी सगळ्यात सुरक्षित वाहनांत मोडते. एकदा गुडघा फुटला, ती घटना तुम्ही 'थोडक्यात निभावलं' या खात्यात टाकून मोकळ्या झालात. त्याच दिवशी तिला लोकलमध्ये नुसती बेवारस बॅग दिसली असती, तर तुम्ही तिला पुन्हा स्टेशनवर पाय ठेवू दिला नसता.

हे तुमच्या एकटीच्याच बाबतीत घडतं असं नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत हेच घडलं. विमानं इमारतींवर आदळताना सगळ्या देशाने पाहिली आणि लाखो लोकांनी विमान सोडून लांबचे प्रवास गाडीने करायला सुरुवात केली. गर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या बारा महिन्यांतले रस्त्यांवरचे मृत्यू तपासले. नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार माणसं जास्त मेली होती, असा त्याचा अंदाज आहे. चार अपहृत विमानांत मिळून जेवढे प्रवासी होते, त्याच्या कितीतरी पट. त्यांना कोणत्याही अतिरेक्याने हात लावला नव्हता. सुरक्षित वाटलं म्हणून त्यांनी रस्ता धरला होता. त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर नाहीत, कारण आपण कशामुळे मेलो हे त्यांच्या घरच्यांनाही कळलं नसेल.

तुम्ही विचाराल, मग मनाला एवढी साधी गोष्ट का समजत नाही? मन माणसं मोजत नाही, त्याच्यासमोर चित्रं उभी राहतात. जे चित्र डोळ्यांपुढे चटकन येतं, तेच वारंवार घडतं असं मन धरून चालतं. पॉल स्लोविक यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षं लोकांना विचारून काढलेला निष्कर्ष असा, की ज्या धोक्यावर आपला ताबा नाही, जो एका फटक्यात अनेकांना नेतो, ज्यात कुणाचा तरी दुष्ट हेतू आहे, त्याची भीती आकड्यांशी फटकून वाढते. स्कूटरचं हॅन्डल मुलीच्या हातात असतं म्हणून तुम्हाला धीर वाटतो. गाडीतला बॉम्ब कुणाच्याच हातात नसतो म्हणून अंगावर काटा येतो.

यात बातम्यांनी भर घातली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून २९ तारखेच्या सकाळपर्यंत, साठेक तास, आपण घराघरांत तो हल्ला थेट पाहिला. ताजच्या घुमटातून निघणारा धूर आजही कुणालाही आठवेल. त्या प्रक्षेपणावर पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही कडक ताशेरे ओढले, कारण त्यातून हल्लेखोरांच्या पाठीराख्यांना बाहेरच्या हालचाली कळत होत्या. दारातून पडून गेलेल्या पोराची बातमी मात्र आतल्या पानावर दोन ओळींत संपते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्याच दिवशी चार जण दगावले. चार-आठ दिवस आरडाओरडा झाला, मग शांत. ते तुमच्याच मार्गावर घडलं, ताई. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली बॉम्बस्फोट झाले, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. जे प्रत्यक्ष त्या ठिकाणी होते, त्यांच्यापेक्षा जे घरी बसून रोज सहा-सहा तास त्या बातम्या पाहत होते, त्यांच्यावरचा मानसिक ताण जास्त निघाला. तुम्ही अंत्ययात्रेला गेला नाहीत, टीव्हीवर पाहिलं, आणि धडधड तिथूनच सुरू झाली असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित त्या दिवशी तुम्ही खाली उतरून चार बायकांबरोबर उभ्या राहिला असतात, रडला असतात, तर इतकं साठून राहिलं नसतं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने. अपघात आणि दहशतवाद यांची नुसती आकड्यांत तुलना करून "बघा, कशाला घाबरता" म्हणणारे लोक मला पटत नाहीत. खड्ड्याला कुणाला मारायचं नसतं. पहलगामला माणसांना धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या. तो खून आहे, आणि खुनाचा राग यायलाच हवा. म्हणूनच त्यासाठी सरकारने वेगळी यंत्रणा उभी करावी लागते. २६/११ नंतर एनआयए ही केंद्राची तपास यंत्रणा आली, मुंबईत एनएसजी कमांडोंचा तळ आला, राज्याचं फोर्स वन पथक उभं राहिलं. हल्ले घटले त्यात या लोकांच्या कामाचा वाटा नक्की आहे. त्यांना जाब विचारायचा हक्कही आपला आहे. २००६ च्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण एवढ्या वर्षांनीही त्या गाड्यांत बॉम्ब कुणी ठेवले हे सिद्ध होऊ नये, याची चीड तुम्हाला आली तर ती रास्त आहे. यजमानांसाठी ती रात्र जागून काढलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न सरकारला विचारायचा. त्याचं उत्तर मुलीला शिळफाट्याच्या वाहतुकीत पाठवून मिळत नाही.

मुंब्र्याच्या मैत्रिणीबद्दल मात्र मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. तिथे तुमचं चुकलं.

८ सप्टेंबर २००६ ला, गाड्यांतल्या स्फोटांनंतर दोन महिने झाले नव्हते तेव्हा, मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ शुक्रवारच्या नमाजानंतर स्फोट झाले. शब-ए-बरातचा दिवस होता. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी मुस्लीम. पकडलेही गेले मुस्लीम तरुणच, नऊ जण. त्यांना न्यायालयाने दोषमुक्त करेपर्यंत २०१६ साल उजाडलं. २६/११ ला सीएसएमटीच्या मुख्य हॉलमध्ये गोळ्यांना बळी पडलेल्यांत मुस्लीम प्रवासीही होते. आणि मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लीम ट्रस्टनेच साफ नकार दिला. 'यांनी जे केलं त्यानंतर ते आमचे नाहीत' ही भूमिका त्यांनी जाहीर घेतली होती. पहलगामला पर्यटकांबरोबर मारला गेलेला तिथला घोडेवालाही मुस्लीमच होता. २००६ च्या त्या संध्याकाळी माहीम-वांद्र्याला रुळांकाठच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांत घालून जखमींना दवाखान्यात पोचवलं. त्या चादरी कुठल्या धर्माच्या घरातल्या, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

ही मुलगी तुमच्या लेकीसारखीच सकाळी डबा घेऊन निघते. तिचीही आई घरी काळजी करत असेल, आणि तिची काळजी दुहेरी असेल. हल्ल्याची एक, आणि हल्ल्यानंतर डब्यातल्या बायका आपल्या पोरीकडे कशा बघतील याची दुसरी. दहशतवादी जे करू पाहतो, त्यातलं बॉम्ब हे पहिलं पाऊल असतं. शेजारच्या माणसाकडे संशयाने बघणं हे दुसरं, आणि ते त्याला आपल्याकडून फुकट करून हवं असतं. तुमच्या लेकीने त्याला नकार दिला म्हणून ती आठवडाभर बोलली नाही. तिचा मला अभिमान वाटला, तुम्हालाही वाटायला हवा. तिला सांगा की माझं चुकलं. फार शब्द लागणार नाहीत.

मग आता करायचं काय?

लोकल पुन्हा सुरू करू द्या. 'करू द्या' म्हटलं खरं, पण ती २५ वर्षांची आहे, कमावती आहे, कशाने जायचं हे तिने ठरवायचं. तुम्ही फक्त तुमचा हट्ट मागे घ्या. ऐरोलीला जायला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर धरायची असते. ठाण्यापर्यंतचा प्रवास एवढाच काय तो गर्दीचा. त्यासाठी फास्टच्या मागे धावू नये. डोंबिवलीहून सुटणारी स्लो मिळाली तर उत्तम, आत शिरायला जागा मिळते. थोडी मिनिटं जास्त लागतील. स्लो मुंब्र्याला थांबते, तेव्हा मैत्रीणही त्याच डब्यात चढेल. ओळखीच्या बायकांचा गट असणं ही लोकलमधली सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे. चक्कर आली, कुणी त्रास दिला, गाडी अडकून पडली, तर हाक मारायला माणूस असतं. दारात उभं राहायचं नाही, गाडी सुरू झाल्यावर धावत चढायचं नाही, रूळ ओलांडायचे नाहीत. परवडत असेल आणि वेळ जुळत असेल तर एसी लोकलचा पास काढावा. तिची दारं बंद होतात, आणि मला विचाराल तर त्या पासाची किंमत स्कूटरच्या हप्त्याच्या मानाने काहीच नाही. ऑफिसात विचारून कामाची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे-मागे करता आली, तर त्यासारखा दुसरा उपाय नाही.

बॉम्बची काळजी अजिबात करायची नाही, असं मी म्हणत नाही. त्या बाबतीत करण्यासारखं जे आहे ते अगदी थोडं आहे, आणि ते प्रत्येक मुंबईकर प्रवासी जाणतो. बसताना सीटखाली, वर रॅकवर एक नजर टाकायची. बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, आजूबाजूला मोठ्याने विचारायचं, कुणाची नसेल तर लांब सरकून १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर कळवायचं. ही नजर पिशवीवर ठेवायची, माणसाच्या दाढीवर किंवा बुरख्यावर नाही. आणि घोषणा ऐकायच्या. २६/११ ला सीएसएमटीवर विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या केबिनमधून सतत सांगत राहिले की मुख्य हॉलकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांचं ऐकून कितीतरी प्रवासी वाचले. संकटात असंच होतं. ज्याचं काम आहे तो आपलं काम नीट करतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात.

स्कूटर घरात राहणारच असेल, तर तिची काळजी मात्र आजपासून करा, कारण खरी गरज तिथे आहे. आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट, पट्टा लावलेलं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं. नीट घातलेल्या हेल्मेटने अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. मागे बसणाऱ्यालाही तेच. यजमान भाजी आणायला जवळच जायचं म्हणून हेल्मेट घालत नसतील, तर तुमचा सगळा हट्ट तिथे लावा. पावसात आणि रात्री शिळफाट्याने स्कूटर नको, हा नियम घरात करायला हरकत नाही. याला तुमची मुलगीही 'डोकं फिरलंय' म्हणणार नाही.

फोन दिवसातून चार-पाचदा करू नका. स्कूटर चालवताना तुमचा फोन वाजला आणि तिने तो उचलायला हात खिशाकडे नेला, तर काय होईल याचा विचार करा. पोचल्यावर एक मेसेज, निघताना एक मेसेज, एवढं तिच्याशी ठरवा. बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो छापील. दिरांच्या मेसेजबद्दल त्यांना स्पष्ट सांगा, भावोजी, पोलिसांनी अधिकृतपणे सांगितलेलं असेल तेवढंच मला पाठवा. असे 'अमुक तारखेपर्यंत' वाले मेसेज वर्षानुवर्षं फक्त तारखा बदलून फिरतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ते पुढे कुणाला पाठवू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात गर्दी दाटली, ओरडा झाला, घबराट पसरली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. तिथे बॉम्ब नव्हता. अरुंद जिना होता आणि घाबरलेली माणसं होती.

काश्मीरचं थोडक्यात सांगते. हल्ल्यानंतर तिथल्या प्रशासनाने ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती. जायच्या वेळी काय उघडं आहे, काय सूचना आहेत, हे अधिकृत ठिकाणी पाहून ठरवा. पण हा प्रवास रोजच्या नोकरीसारखा गरजेचा नाही. जाऊन आठ दिवस तुम्ही खोलीत धडधडत बसणार असाल तर या वर्षी जाऊ नका. त्यात कमीपणा नाही, आणि भावाला त्यासाठी मोठं कारणही द्यावं लागत नाही.

राहिली ती धडधड. एवढे दिवस छाती धडधडतेय, झोप लागत नसेल, पहाटे दचकून जाग येत असेल, तर त्यावर माझं सदर पुरणार नाही. आधी साध्या डॉक्टरांकडून रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्या. मग समुपदेशकाशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत, नाव विचारून कुणी बदनाम करत नाही. आणि एक काम घरातच आहे. २००६ च्या त्या रात्रीबद्दल तुम्ही दोघं कधी बसून बोललात का? त्यांचा फोन लागत नव्हता तेव्हा ते कुठे होते, त्यांनी काय पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फलाटावर उभं राहताना त्यांना काय वाटलं. निवृत्तीपर्यंत ते रोज गेले, तुम्ही रोज देवापाशी बसलात, आणि मला शंका येते की दोघांनी एकमेकांना यातलं काही सांगितलंच नाही. तुमची भीती त्या रात्रीपासून एकटीच्याच वाट्याला आली आहे. त्यांनाही कदाचित त्यांची.

तुमच्यात काळजी करायची जी ताकद आहे, ती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात प्रवासी संघटना आहेत. १५ डब्यांच्या गाड्या वाढवा, बंद दारांच्या गाड्या आणा, स्लो मार्गावर फेऱ्या द्या, हे सगळं त्या कित्येक वर्षं मागताहेत. त्यांच्या बैठकांना नोकरदार माणसं येऊ शकत नाहीत, कारण ती त्याच गाड्यांत लटकलेली असतात. तुमच्यापाशी दुपारचा वेळ आहे. दारातून पडणाऱ्या पोरांचा हिशेब रेल्वेला विचारायला एक आई पुढे बसलेली असेल, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मुलीलाच विचारा, तिच्या डब्यातल्या कुणाला तरी पुढच्या बैठकीची तारीख नक्की ठाऊक असेल.